पिशवी काढणार, मग खडे घरी न्यायला मिळतील का?

पित्ताशय, म्हणजे पित्ताची पिशवी, काढायला दाखल झालेल्या माणसाला सर्जन विचारतात, "काही शंका?" माणूस म्हणतो, "नाय, तुमी करशात ता बरोबर." आणि रात्री मी बीपी बघायला गेले की तोच माणूस इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "सिस्टर, गुंगीत मी काय बडबडलंय तर?"

मी दक्षिण कोकणातल्या एका रुग्णालयात सर्जरीच्या वॉर्डात काम करते. खरे प्रश्न सर्जनपर्यंत पोचतच नाहीत. ते सिस्टरला, वॉर्डातल्या मावशीला, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या कालच ऑपरेशन झालेल्या माणसाला विचारले जातात, आणि तो माणूस जे सांगतो ते ऐकून आम्हालाच घाम फुटतो. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे क्रमाने घेतले आहेत: कुठला प्रश्न कधी विचारायचा आणि कोणाला. खुळे वाटणारे प्रश्न मुद्दाम जास्त घेतलेत. त्यातल्या निम्म्यांमागे ऑपरेशनच्या सकाळी आमची धांदल उडवणारं काहीतरी असतंच.

तारीख ठरायच्या आधी

पहिला प्रश्न सर्जनना सरळ विचारा: "नाही काढलं तर काय होईल?" हा उद्धटपणा नाही. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि आजवर कधी दुखलं नाही, अशा बऱ्याच लोकांना ऑपरेशनची गरज लागत नाही. पण लग्नातलं जेवण जेवून आल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत खांद्याच्या फळ्याकडे जाते, उलट्या होतात, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते खडे गप्प बसणारे नाहीत. एखादा खडा घसरून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, आणि मग प्रकरण महागात पडतं.

लगेच पुढचा प्रश्न येतो: "मग फक्त खडे काढा नि पिशवी ठेवा. मूतखडा फोडतात तसा हाही फोडा." विचार वाईट नाही, पण मूतखड्याचे तुकडे लघवीवाटे बाहेर पडू शकतात, पित्ताच्या खड्याचे तुकडे नेमके त्या अरुंद नलिकेत जाऊन बसायची भीती. शिवाय जी पिशवी एकदा खडे करते ती पुन्हा करते. कुळथाचा काढा हा आपल्याकडचा हुकमी उपाय, पण तो घेतात मूतखड्यासाठी. पित्ताशयातले खडे लघवीच्या वाटेवर नसतातच, तेव्हा कुळीथ त्यांच्यापर्यंत पोचणार कसा? ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन "खडे पडले" म्हणून फोटो दाखवणारेही भेटतात. ते हिरवट मऊ गोळे त्या तेलाचेच आतड्यात झालेले असतात. पोटातले खडे होते तिथेच असतात. कुळीथ टाकून देऊ नका मात्र, ऑपरेशननंतर पिठी करायला लागेल.

"पिशवी काढली तर माझं पित्त कोण करणार?" यकृतच करणार, आजही तेच करतं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय म्हणजे झऱ्याच्या पाटावर बांधलेली टाकी: सात ते दहा सेंटिमीटर लांब, मावतं साधारण तीस ते पन्नास मिलिलिटर. आत साठलेलं पित्त दाट होतं आणि तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की पिशवी आकसून ते खाली सोडते. टाकी काढली तरी पाट वाहतोच, फक्त पाणी साठून एकदम न येता थोडं थोडं येत राहतं. घोड्याला पित्ताशय नसतं, हत्तीला नसतं, कबुतरालाही नसतं, आणि त्यांचं काही अडत नाही. हे मी एका आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "हत्ती काय सुरमई खाता?" मुद्दा बरोबर होता. त्याचं उत्तर "घरी गेल्यावर" या भागात आहे.

आणखी एक: "पिशवी गेली की माझं नेहमीचं पित्त जाईल ना?" जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखून उलटी हा बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचा कारभार, आणि अंगावर गांधी उठतात त्या अ‍ॅलर्जीच्या. दोन्हींचा या पिशवीशी संबंध नाही. हे आधी नीट समजून घ्या. नाहीतर महिन्याभराने "ऑपरेशन फुकट गेलं" म्हणत परत याल.

तारखेचं म्हणाल तर आपल्याकडे ग्रामदेवतेला कौल लावून तारीख काढणारी घरं आहेत. आमची हरकत नाही, फक्त दोन तारखा घेऊन या, कारण ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, वार ठरलेले असतात. पण ताप, थंडी, न थांबणारी कळ किंवा पिवळे डोळे असतील तर कौलासाठी थांबू नका, तडक निघा. तारीख ठरवताना कॅलेंडरही उघडा. ऑपरेशननंतरचे तीन-चार आठवडे जड उचलायचं नसतं. त्या काळात चतुर्थी येत असेल तर गणपतीचा पाट दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर द्यावा लागेल. शिमग्यात पालखी नाचवणारे, आंब्याच्या दिवसात झाडावर चढणारे, जूनमध्ये लावणीला वाकणारे, रापण ओढणारे, सगळ्यांनी आपला हंगाम सर्जनना आधीच सांगावा. "मी शेती करतो" एवढं सांगून भागत नाही. नारळावर चढता की नाही ते सांगा.

कुठे करायचं हाही प्रश्न असतोच. रत्नागिरीला आणि ओरोसला जिल्ह्याची सरकारी रुग्णालयं आहेत, चिपळूण-सावर्डेकडचे लोक डेरवणला जातात, सावंतवाडी-दोडामार्गची माणसं गोव्यात बांबोळीला. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आता मोठ्या शहरापुरतं राहिलेलं नाही. नलिकेत खडा असेल तर मात्र तो तोंडावाटे दुर्बीण घालून आधी काढावा लागतो, आणि त्यासाठी वेगळ्या ठिकाणी पाठवू शकतात. पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे दाखल व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव सारखं आहे का तेही बघा. नावातल्या एका अक्षरासाठी गावाला परत गेलेली माणसं मी पाहिलीत.

भुलीच्या डॉक्टरांसमोर

लोक सर्जनना देव मानतात आणि भूलतज्ज्ञांना "इंजेक्शन देणारे डॉक्टर". तासभर तुमचा श्वास ज्यांच्या हातात असतो ते हेच. त्यांच्यापुढे काहीही लपवू नका.

"मिश्री लावते, ती सांगायची का?" सांगायची. तंबाखू, विडी, गुटखा, सगळं सांगायचं. नातेवाइकांसमोर जमत नसेल तर त्यांना पाच मिनिटं बाहेर पाठवा. दारूचंही तसंच. "कधीतरी" या शब्दाचा त्यांना काहीच उपयोग नाही. रोज किती, हे हवं असतं. रोज घेणाऱ्याची एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखं करतो, आणि घरचे म्हणतात भूल मानवली नाही.

"दात हलतोय, तेही सांगू?" नक्की. श्वासाची नळी तोंडातून घालतात, तेव्हा हलणारा दात निसटला तर पंचाईत. कवळी काढून घरच्यांकडे द्यायची. डबीवर नाव लिहा, वॉर्डात दुसऱ्याची कवळी लावून बसलेले आजोबा असतात.

गोळ्यांची यादी करत बसू नका, पिशवीभर गोळ्याच घेऊन या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, वैद्यांची पुडी, सगळं. मधुमेहाच्या काही गोळ्या तर ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच बंद कराव्या लागतात, आणि बीपीची गोळी बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. कुठली चालू, कुठली बंद, हे त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घ्या. घरी कोणी "नको घेऊ गो, उपास आहे" म्हणालं की गोळी राहते आणि सकाळी बीपी चढलेलं निघतं.

आता बडबडीचं. झोप लागते ती शिरेतून दिलेल्या दुधासारख्या पांढऱ्या औषधाने. जाताना हातात थोडं चरचरतं. भूलतज्ज्ञ आकडे मोजायला सांगतात, आणि दहापर्यंत पोचणारा क्वचितच. मग घशात नळी असते, ती स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे बोलायची सोयच नसते. उठताना काही जण दोन वाक्यं बरळतात, बहुतेक वेळा "झालं?" एवढंच. कोणी आईला हाक मारतं, एकाने बैलाला मारली होती. गुपितं कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी त्या वेळी आमचं लक्ष मॉनिटरकडे असतं.

"मधेच जाग आली तर?" ही भीती खुळी नाही, म्हणून ती भूलतज्ज्ञांनाच विचारा. सगळा वेळ ते उशाशी असतात, नाडी, बीपी, ऑक्सिजन बघत औषध कमी-जास्त करतात. आधीच्या ऑपरेशनात असं काही झालं असेल किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीचा त्रास झाला असेल तर ते मात्र आठवून सांगा.

सहीचा कागद

त्यावर "गरज पडल्यास पोट उघडून" असं लिहिलेलं दिसतं आणि घरचे घाबरतात. दुर्बिणीने सुरुवात केल्यावर आत फार चिकटलेलं निघालं, रक्तस्राव झाला, नलिका नीट ओळखू येईना, तर शहाणा सर्जन मोठा छेद घेतो. तसं थोड्याच लोकांच्या बाबतीत होतं आणि ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही. वाचायला येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. सही करायच्या आधी सांगा, नंतर नाही.

"बरगडीखाली हातभर चिरा घेणार का?" हे विचारतात ते ज्यांनी वडिलांच्या पोटावर तसा व्रण पाहिलाय ते. पूर्वी तसंच होतं. कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये 1882 साली पहिलं पित्ताशय काढलं तेव्हापासून शंभर वर्षं मोठा छेद हाच रस्ता होता. भारतात दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 साली केलं. आता साधारण चार भोकं: दोन सेंटिमीटरभराची, दोन त्याच्या निम्मी. एक बेंबीपाशी असतं, ते पुढे शोधूनही सापडत नाही.

सोबत काय आणायचं

एक माणूस. एकच. मुंबईहून आलेल्या सगळ्या चाकरमान्यांनी एकदम यायची गरज नाही, आणि आलात तर शहाळी खाटेखाली रचू नका. पुढून उघडणारे सैल कपडे आणा, नाडीची घट्ट सलवार किंवा परकर नको, नाडी नेमकी टाक्यांवर येते. पावसाळ्यात एक जोड जास्त, कारण वॉर्डात काही वाळत नाही. वाटी, चमचा, तांब्या, चार्जर. आणि एक छोटी उशी. खोकला किंवा शिंक आली की ती पोटावर दाबून धरायची, आणि घरी जाताना खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीतही. या उशीचे उपकार लोक पुढे वर्षभर सांगतात.

दागिने घरी. मंगळसूत्र, जोडवी, नथ, सगळं उतरावं लागतं. ऑपरेशनात विजेचं उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूपाशी भाजायचा धोका असतो. जोडवी घट्ट बसली असतील तर आदल्या दिवशी घरीच साबण लावून काढा. ओटीच्या दारात ती ओढत बसणं म्हणजे अर्धा तास आणि अश्रू. नखांचं पॉलिश काढा, बोटांच्या टोकांवर ताजी मेंदी नको, तिथे ऑक्सिजनचा चिमटा लावायचा असतो.

करदोटा, गंडा, ताईत? कमरेचा काढावाच लागतो, तो ऑपरेशनच्या जागेत येतो. दंडाचा किंवा गळ्यातला असेल तर आम्हाला सांगा. तो कापायची वेळ येऊ नये म्हणून आधी सोडवून सोबतच्या माणसाच्या हातात देता येतो. अंगारा लावून आलात तरी चालतं. पोटावर मात्र नको.

आदल्या रात्रीपासून

पोट रिकामं ठेवायचं ते उलटी फुफ्फुसात जाऊ नये म्हणून. साधारण नियम असा: हलकं जेवण भुलीच्या सहा तास आधीपर्यंत, तळलेलं-मटण त्याहून बरंच आधी, आणि नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमची नेमकी वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ती. खरी गंमत "पाणी" या शब्दाच्या अर्थावरून होते. दूध घातलेला चहा पाण्यात मोडत नाही, जेवणात मोडतो. सोलकढी तर मुळीच नाही, तिच्यात नारळाचा रस आहे. पेजेचं वरचं पाणीही नाही. सकाळी घरच्या देवाचं तीर्थ? ते पंचामृताचं असलं तर दूध-दही आलंच. प्रसादाचा पेढा तर सरळ ऑपरेशन पुढे ढकलतो. असं काही घेतलं गेलं तर लपवू नका, सांगा. आम्ही रागावू, पण तुम्ही सुखरूप राहाल.

"पाळी आली तर?" बायका हे पदराआडून विचारतात. पाळीमुळे सहसा ऑपरेशन थांबत नाही. आम्हाला सांगा म्हणजे झालं, बाकी सोय आम्ही करतो. "सगळे कपडे काढतात का?" गाऊन देतात, आत गेल्यावर हिरव्या चादरींनी सगळं झाकतात आणि पोटाचा तेवढा भाग उघडा ठेवतात. तिथे कोणालाही दुसरं काही बघायला वेळ नसतो.

आत काय करतात

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे दुर्बिणीला बघायला आणि हत्यारांना फिरायला जागा मिळते. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून बंद करतात, मग पिशवी यकृतापासून सोडवतात. क्लिपा बहुतेक टायटॅनियमच्या असतात आणि त्या आतच राहतात. विमानतळावर वाजत नाहीत. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला तर क्लिपा आहेत एवढं सांगायचं.

"एवढी पिशवी एवढ्याशा भोकातून येते कशी?" पित्त काढलं की ती चपटी होते. तिला आतल्या आत एका छोट्या थैलीत घालतात. कित्येक ठिकाणी निर्जंतुक हातमोजाच थैली म्हणून वापरतात. मग थैलीचं तोंड भोकाबाहेर ओढून घेतात. खडे मोठे असतील तर भोक थोडं वाढवतात.

मासे साफ करणाऱ्या बायकांचा एक प्रश्न मला फार आवडतो: "पित्त फुटलं की मासो कडू होता. माझी पिशवी आत फुटली तर?" ती कधीकधी फुटते, खरंच. तेव्हा सांडलेलं पित्त आणि खडे ओढून, सलाईनने धुऊन घेतात. माणूस कडू होत नाही.

बाहेरच्यांसाठी: सर्जन म्हणाले "तासाभराचं काम", आणि माणूस अडीच तासांनी आला, तर लगेच देव पाण्यात ठेवू नका. भूल देणं, तयारी, जाग येईपर्यंत थांबणं, हा वेळ त्यात धरलेला नसतो. मधे कोणीतरी दारात येऊन स्टीलचा ट्रे पुढे करेल. त्यात तुमच्या माणसाची पिशवी असेल, हिरवट करडी, बऱ्याचदा चिरून उघडलेली, आतून बारीक जाळीची, आणि बाजूला खडे. चक्कर येणाऱ्यांनी पुढे होऊ नये. आमच्याकडे ट्रे बघून नेहमी धडधाकट जावईच बसतात खाली.

खडे

हो, खडे मिळतात. बहुतेक ठिकाणी मागितले तर देतात, पण आधी सांगून ठेवा: "खडे टाकू नकात हां." एकच मोठा असू शकतो किंवा शंभरावर बारीक. पिवळसर असतात ते कोलेस्टेरॉलचे, काळे असतात ते पित्तातल्या रंगद्रव्याचे. खूप असले की एकमेकांना घासून त्यांना सपाट बाजू पडतात, पैलू पाडल्यासारख्या. धुऊन, वाळवून, कोरड्या बाटलीत ठेवा, आणि बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. "यांना भाव किती?" गाईच्या पित्ताशयातल्या खड्याला, गोरोचनाला, भाव आहे. माणसाच्या खड्याला शेजाऱ्यांना दाखवण्यापलीकडे किंमत नाही.

पिशवी मात्र नेता येत नाही. ती फॉर्मेलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीकडे जाते. तपासून उरलेलं 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून नष्ट होतं. "माझाच अवयव, मी माडाखाली पुरीन" असं म्हणणारे भेटतात. तसं देता येत नाही. आणि वजन? पिशवीचं ते किती, काही ग्रॅम. काट्यावर फरक दिसला तर तो उपासाचा.

जाग आल्यावर

थंडी वाजून दात आपटतात, घसा खवखवतो, दोन्ही तात्पुरतं. मग संध्याकाळी हमखास तक्रार येते: ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय उजवा खांदा. टेबलावर आपटलं का म्हणून नवरे आमच्यावर संशय घेतात. पोटात भरलेल्या वायूने श्वासपटल चिडतं आणि त्याच्या नसेचा नि खांद्याच्या संवेदनेचा उगम मानेत एकत्र आहे, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. चाललं-फिरलं की दोन-तीन दिवसांत कमी होतं.

राउंडला डॉक्टर विचारतील, "गॅस पास झाला का?" लाजू नका, आतडी कामाला लागली का हे त्यांना बघायचं असतं. पोटात भरलेला वायू मात्र त्या वाटेने जात नाही. तो आतड्याच्या बाहेर असतो, रक्तात मिसळतो आणि श्वासातून बाहेर पडतो. त्याच संध्याकाळी आम्ही तुम्हाला उठवून चालवू. शिव्या मनात द्या.

घरी गेल्यावर

सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवसांत घरी. आता आजोबांचा सुरमईचा प्रश्न, किंवा आमच्या वॉर्डातल्या शब्दांत: "माका मासे खाऊक गावतले मा?" गावतले. सुरुवातीला पेज, मऊ भात, कुळथाची पिठी, उकडलेली भाजी. मग आठवड्याभरात थोड्या तेलात केलेली पातळ कढी, हलक्या माशाचं कालवण. तळलेली तुकडी आणि नारळाचं दाट वाटण थोडं मागून, एका वेळी एक पदार्थ, आणि अर्धा. एकाच दिवशी सुरमई, कोंबडी-वडे आणि सोलकढी घेतली आणि पोट बिघडलं, तर दोष कोणाचा ते कळायचं कसं? काहींना पहिले काही आठवडे चरबीच्या जेवणानंतर जुलाब होतात. पित्त सतत झिरपत असतं, आतड्याला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. बहुतेकांचं आपोआप सुरळीत होतं. नाही झालं तर सांगा, त्यावर औषध आहे. जन्मभर पथ्य नाही. आमच्या घरांत मात्र पथ्य सांगणारी एखादी आत्या असते, आणि ती वांगं, फणस, बांगडा सगळंच बंद करते. तिला हा परिच्छेद वाचून दाखवा.

गाडी कधी चालवायची? जोरात ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही तेव्हा, आणि गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर. बहुतेकांना एक-दोन आठवडे लागतात. विहिरीचं पाणी ओढणं, घागर, गॅसचा सिलिंडर, चिरे उचलणं तीन-चार आठवडे नाही. पोट उघडून झालं असेल तर सहा आठवडे तरी. समुद्रात, नदीत उतरणं जखमा पूर्ण भरल्यावर. नवराबायकोच्या संबंधांना बंदी नसते, दुखत नाही तेव्हा. हाही प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो आणि विचारत जवळजवळ कोणीच नाही.

ताप, थंडी, वाढत जाणारं पोटाचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी, जखमेतून पू किंवा हिरवट पाणी, यातलं काहीही दिसलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी फोन करा. डिस्चार्ज कार्डावर कुठला नंबर लिहिलाय ते घरी निघण्याआधी बघून घ्या.

रिपोर्ट

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो आणि कितीतरी जण तो न्यायला येतच नाहीत. या. क्वचित पिशवीत वेगळं काही निघतं आणि ते फक्त त्याच कागदावर असतं. सर्जनना दाखवा, फाईलला लावा, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा. पुढे कधीही सोनोग्राफीला गेलात तर टेबलावर आडवं होतानाच सांगा की पित्ताशय काढलेलं आहे. नाहीतर रिपोर्टमध्ये "पित्ताशय दिसत नाही" असं येतं, मुंबईचा मुलगा तो व्हॉट्सअ‍ॅपवर वाचतो आणि रात्री अकराला वॉर्डात फोन करून विचारतो की आईचं पित्ताशय गेलं कुठे.